लम्पीची लस, ते एकवीस दिवस आणि गोठ्यातले कोळी

संगमनेरकडच्या एका दूधउत्पादक दादांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे १४ संकरित गाई. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीत लम्पी, म्हणजे गाईंच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग, आल्याचं कळलं आणि त्यांनी घाईघाईनं सगळ्या गाईंना लस टोचून घेतली. आठव्या दिवशी दोन गाईंच्या अंगावर गाठी उठल्या. गावात बोलणं सुरू झालं की लसीनंच रोग आणला. त्यातच कोणीतरी सांगितलं, हा आजार आठ पायांच्या किड्यामुळे पसरतो, कोळी मुतला की अंगावर फोड येतात तशाच या गाठी. म्हणून त्यांनी गोठ्याच्या आढ्यापासून खालपर्यंत औषध फवारलं आणि सगळी जळमटं झाडून टाकली. महिनाभरानं माश्या पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. आता ते विचारतात, यंदा लस द्यायची की नाही, आणि कोळी ठेवायचे की मारायचे?

दादा, लस द्यायचीच. कोळी मारायचे नाहीत, पण सगळीकडे ठेवायचेही नाहीत. मी जनावरांचा डॉक्टर, सत्तावीस वर्षं गोठ्यागोठ्यांतून फिरतोय. या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत कशी गुंतली आहेत ते समजलं, तर पुढच्या पावसाळ्यात तुमची धावपळ बरीच कमी होईल.

आधी त्या दोन गाईंचं बघू. लम्पीचा विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात, कधी त्याहून जास्त. आणि लस टोचल्यापासून गाईच्या अंगात पुरेशी ताकद यायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. ही दोन गणितं शेजारी मांडा. आठव्या दिवशी गाठी आल्या, याचा बहुतेक वेळा अर्थ असा की लस टोचली त्या दिवशी विषाणू त्या गाईंच्या अंगात आधीच होता, किंवा लगेचच्या दोनचार दिवसांत माशीनं तो आणून सोडला. लस कामाला लागण्याआधीच रोग पोहोचला होता. बाकीच्या १२ गाई वाचल्या हेही बघा ना! गावात त्या बारांबद्दल कोणी बोललं नाही, कारण काहीच झालं नाही त्याची गोष्ट होत नाही.

लसीमुळे थोडं काही होत नाही असं मी म्हणणार नाही. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. टोचलेल्या जागी सूज येते, एकदोन दिवस ताप येतो, दूध थोडं उतरतं. एखाद्या गाईला बारीक, वरवरच्या पुटकुळ्याही येतात आणि दोनतीन आठवड्यांत वाळून जातात. रोगाच्या गाठी हाताला वेगळ्या लागतात. त्या दोन ते पाच सेंटिमीटरच्या, कडक, कातडीच्या पूर्ण जाडीत रुतलेल्या असतात. मान, पाठ, कास, शेपटीच्या मुळाशी, सगळीकडे. खांद्यापुढची गाठ (लसिकाग्रंथी) लिंबाएवढी फुगते, ताप १०४–१०६ फॅरनहाइटवर जातो, पाय आणि मानेखालची पोळी सुजते, डोळ्यांतून-नाकातून पाणी येतं. पुढच्या वेळी गाठ दिसली की आधी थर्मामीटर लावा आणि खांद्यापुढे हात फिरवून बघा. निम्मा निकाल तिथेच लागतो.

२०२२च्या ऑगस्टात जळगावकडून लम्पी आपल्या राज्यात पसरत गेला तेव्हा मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, ‘डॉक्टर, शेळीची लस गाईला कशी चालेल?’ प्रश्न रास्त होता. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला आहे, आणि त्या कुळात मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लम्पी ही तीन सख्खी भावंडं आहेत. इतकी सख्खी, की एकाची ओळख पटलेलं शरीर दुसऱ्यालाही बऱ्यापैकी ओळखतं. म्हणून शेळीच्या देवीची, ‘उत्तरकाशी’ नावाच्या वाणाच्या विषाणूपासून केलेली लस गाईंना दिली गेली. ती पूर्ण कवच नव्हती, पण त्या वेळी हाताशी होती आणि तिनं हजारो गोठे सावरले. दरम्यान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली रांचीकडच्या आजारी गाईंतून खऱ्या लम्पीचाच विषाणू वेगळा केला होता. प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा, पन्नास वेळा वाढवून त्याची धार बोथट केली आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साथीनं लस तयार केली, लम्पी-प्रोव्हॅक-इंड. १० ऑगस्ट २०२२ रोजी ती जाहीर झाली. हिसारचं केंद्र घोड्यांसाठीचं, पण गाईच्या लसीचं काम तिथे झालं. संशोधनात असं होतं, कारण विषाणू पेशींत वाढवण्याचा हात एकदा बसला की जनावर कोणतं यानं फारसा फरक पडत नाही.

विषाणू दुबळा करण्याची ही युक्ती नवी नाही. बुळकांडी आठवते का? तुमच्या आजोबांना विचारा. गोठेच्या गोठे एका आठवड्यात रिकामे व्हायचे. १९२०च्या दशकात हिमालयातल्या मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत एडवर्ड्स या शास्त्रज्ञानं बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुन्हा पुन्हा नेऊन नरम केला आणि तोच गाईबैलांना टोचला. पुढे पेशींवर वाढवलेली आणखी सुरक्षित लस आली, आणि २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. मुक्तेश्वरची ती संस्था १८८९ साली आपल्या पुण्यात सुरू झाली होती, नंतर डोंगरात हलली. तीच आजची इज्जतनगरची संस्था. लसीबद्दल गावात शंका निघाली की मी हे सांगतो, कारण ज्यांनी बुळकांडी पाहिली त्यांच्या घरात लसीला सहसा नाही म्हणत नाहीत.

आता त्या आठ पायांच्या किड्याकडे येतो. ज्यानं तुम्हाला सांगितलं तो अर्धा बरोबर होता. आठ पाय असलेला जो जीव रोग पसरवतो तो गोचीड. गोचीड आणि कोळी एकाच वर्गातले, दोघांना आठ पाय, पण दोघांच्या जगण्यात जमीन-अस्मानाचा फरक. गोचीड गाईचं रक्त पितो. लम्पी नेण्यात त्याचा हात आहेच, शिवाय संकरित गाईंना लोळवणारा थायलेरियाही तोच आणतो. कोळी गाईच्या वाटेला जात नाही. तो रक्त पीत नाही, गाईवर बसत नाही, आणि त्यानं लम्पीच्या गाईवरची माशी खाल्ली तर तो विषाणू तिथेच संपतो. ‘कोळी मुतला’ म्हणून माणसाच्या अंगावर जे फोड येतात तेही बहुतेक वेळा एका बारीक, लालकाळ्या भुंग्याचं काम असतं. तो पावसाळ्यात दिव्यावर येतो, अंगावर चिरडला की त्यातला रस कातडी जाळतो. नाव मात्र बिचाऱ्या कोळ्याचं होतं.

लम्पी गोठ्यात फिरवणारी मुख्य मंडळी तीन: चावरी माशी, डास आणि गोचीड. त्यातली चावरी माशी शेतकऱ्याला सहसा ओळखू येत नाही, कारण ती घरमाशीसारखीच दिसते. एकदा नीट बघा. सकाळी दहाच्या सुमारास गोठ्याच्या उन्हातल्या भिंतीसमोर उभे राहा. चावरी माशी भिंतीवर डोकं वर करून बसते आणि तिच्या तोंडातून सुईसारखी सोंड पुढे काढलेली दिसते. घरमाशीची सोंड मऊ, खाली वळलेली. मग गाईचे पुढचे पाय बघा. चावरी माशी गुडघ्याखाली बसते, चावते, गाय पाय आपटते, माशी उडते आणि शेजारच्या गाईवर जाऊन उरलेलं जेवण पुरं करते. हीच ती घडी. तिच्या सोंडेला आजारी गाईच्या गाठीतला विषाणू लागलेला असतो आणि तो पुढच्या गाईत टोचला जातो. माशीच्या पोटात विषाणू वाढावा लागत नाही, नुसती सोंड बरबटली तरी पुरते. डासांनीही विषाणू एका गाईहून दुसरीकडे नेल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. ज्या गोठ्यात गाई सारख्या पाय आपटतात त्या गोठ्याची मला पावसाळ्यात काळजी वाटते.

आणि एक माशी अशी आहे जी आपण स्वतः हातात धरून फिरवतो. सुई. एका गावात मी लसीकरणानंतर आठवड्यानं गेलो, तर एका गल्लीत घरांच्या ओळीनं गाठी आल्या होत्या, दुसऱ्या गल्लीत एकही नाही. पहिल्या गल्लीत एकाच सुईनं सगळ्या गाई टोचल्या होत्या आणि सुरुवातीच्या एका गाईच्या अंगात ताप मुरलेला होता. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, सुया संपल्या होत्या एवढंच. पण त्या दिवसापासून मी गाईगणिक सुई बदलल्याशिवाय टोचत नाही आणि माझ्यासमोर दुसऱ्या कोणाला टोचू देत नाही. तुम्हीही लस द्यायला येणाऱ्याला हे विचारा. विचारण्यात अपमान नाही, आम्हाला उलट बरं वाटतं. लस बर्फाच्या थर्मासमधून निघाली का, पातळ केल्यावर दोन तासांत संपवली का, हेही बघा. जिवंत लस उन्हात ठेवली की मरते, मग टोचलं काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच. टोचायच्या जागी स्पिरिटचा बोळाही फिरवायचा नाही, त्यानंही लस मरते. आणि ताप असलेल्या गाईला टोचायचं नाही. टोचण्याआधी थर्मामीटर लावायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

म्हणजे खरा कळीचा काळ आहे लस दिल्यापासूनचे एकवीस दिवस. या दिवसांत गाय उघडी असते आणि माशी मोकळी असते. तुमच्याकडे गेल्या वर्षी नेमकं हेच झालं. रोग शेजारी आल्यावर लस दिली, तेव्हा माश्या आधीच दारात होत्या. म्हणून लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यात द्यायची आणि दरवर्षी द्यायची. तेव्हा माश्या कमी असतात आणि ते एकवीस दिवस निवांत निघून जातात. रोग शेजारच्या गावात आल्यावर सरकार पाच किलोमीटरच्या परिघात लस देतं ते योग्यच आहे, पण ते आग लागल्यावरचं पाणी आहे.

माश्यांचा बंदोबस्त करायचा तर कोळ्याचं ऐकावं लागेल. २०१७ साली निफेलर आणि बिर्कहोफर या दोन संशोधकांनी जगातल्या साऱ्या कोळ्यांचा हिशोब मांडला: वर्षाला ४० ते ८० कोटी टन कीटक आणि इतर बारीक जीव कोळी खातात. तुमच्या गोठ्यातही तेच चाललेलं असतं, फक्त आपण वर बघत नाही.

एकदा रात्री नऊ वाजता बॅटरी घेऊन आढ्याखाली उभे राहा. पत्र्याच्या कोपऱ्यात, वाश्याच्या खाचेत, केसासारख्या लांब पायांचा राखाडी कोळी उलटा लटकलेला दिसेल. त्याला क्रॉसोप्रायझा म्हणतात. जाळ्याला काडी लावा, तो इतका जोरात गरगर हलतो की दिसेनासा होतो. मादीच्या तोंडात बारीक अंड्यांचा गुच्छ धरलेला असतो, पिल्लं बाहेर येईपर्यंत ती तो सोडत नाही. त्याच्या जाळ्याखालची जमीन बघा, तिथे डासांचे पंख आणि पाय पडलेले असतात. दिवसा गव्हाणीच्या भिंतीवर दुसरा भेटेल, जाळं न विणणारा, उड्या मारणारा. पुढे दोन मोठे डोळे, मांजरासारखी दबकी चाल. माशी बसली की अंग वळवून तिच्याकडे बघतो, हळूहळू जवळ येतो, भिंतीला धागा चिकटवतो आणि झेप घेतो. झेप चुकली तरी धाग्यावर लटकून परत वर येतो. याच कुळातला एक कोळी पूर्व आफ्रिकेत, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे. तो रक्त पिऊन टम्म झालेली डासाची मादीच शोधून खातो.

बांधावरच्या बाभळीवर मळकट रेशमाचा, पाचोळा गुंतलेला घरट्यासारखा गोळा पाहिला असेल. तो समूहानं राहणाऱ्या कोळ्यांचा, स्टेगोडायफस सारासिनोरमचा. शेकडो मिळून एका जाळ्यावर शिकार करतात. शेवटी माद्या आपलं शरीरच पिल्लांना खाऊ घालतात. याच्याच भाऊबंद जातीची घरटी दक्षिण आफ्रिकेत लोक माश्या कमी करायला घरात आणून टांगत, आणि १९५९ साली स्टेन यांनी तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. मेक्सिकोत मिचोआकानकडेही अशीच प्रथा होती, पावसाळ्यात कोळ्यांची फांदी तोडून छताला टांगायची. मी तुम्हाला बाभळीवरचं घरटं गोठ्यात आणायला सांगत नाही, ते बांधावरच बरं काम करतं. बांध पेटवताना ती फांदी तेवढी वाचवा.

आता तुमच्या माश्या का वाढल्या ते कळेल. तुम्ही जे औषध फवारलंत ते बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असणार, दुकानात तेच मिळतं. ही औषधं कोळ्यांना फार कडक लागतात. माश्याही मेल्या, पण उष्ण दिवसांत घरमाशीची पिढी दहाबारा दिवसांत तयार होते, चावऱ्या माशीची सुमारे तीन आठवड्यांत. त्यांची अंडी-अळ्या उकिरड्यात आणि ओल्या वैरणीत सुखरूप होत्या, फवारणी तिथे पोहोचलीच नाही. कोळ्यांना पुन्हा जम बसवायला महिने लागतात. त्यांची पिल्लं धाग्यावर तरंगत वाऱ्यानं येतात, वाढतात, मग जाळं विणतात. माशी पहिल्यांदा परतली आणि तिला खाणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून औषध आढ्याला, वाश्यांना मारायचं नाही. गोचिडांसाठी गाईच्या अंगावर, पाठीच्या कण्यावर ओतायचं औषध डॉक्टर सांगतील त्या मात्रेत वापरा. भिंतीच्या खालच्या भेगांत, जिथे गोचीड लपतात, तिथे फवारा. बाकी माशीला तिच्या घरातच गाठायचं. चावरी माशी ताज्या शेणापेक्षा कुजलेल्या वैरणीत, शेणमुतानं भिजलेल्या पेंढ्यात जास्त वाढते. गव्हाणीखाली पडलेली उष्टी वैरण, मुताच्या नालीत तुंबलेला गाळ, मुरघासाच्या बॅगखालची गळती, कुट्टीच्या ढिगाचा ओला तळ. हे सगळं आठवड्यातून एकदा खरवडून उन्हात पातळ पसरलं तर तीन आठवड्यांचं चक्र मधेच तुटतं. आठवडा चुकवायचा नाही, एवढाच नियम. दर बुधवारी सकाळी पाच गाईंच्या पुढच्या पायांवरच्या माश्या मोजून वहीत लिहा. आकडा वाढला की समजायचं कुठेतरी ओलं राहिलंय. माझ्या एका जुन्या गोठेवाल्या काकांच्या घरी अशी चार वर्षांची वही आहे, माझ्या कुठल्याही तपासणीपेक्षा ती मला जास्त सांगते.

जळमटांचं म्हणाल तर जुनं, धुळीनं जाड झालेलं जळमट काहीच पकडत नाही, ते झाडूनं काढा. विजेच्या वायरी, बोर्ड, पंखे, बल्ब यांवरचं तर काढाच, धूळभरलेलं जाळं ठिणगीला वात होतं. धार काढायची जागा, मिल्किंग मशीन, बल्क कूलर इथे एकही जाळं नको. उरलेलं आढं, वरचे कोपरे, खिडकीबाहेरची चौकट कोळ्यांना सोडा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिथे झाडू लावूच नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण हे वाचून कोणी लस सोडून कोळी पाळायला लागेल याची मला धास्ती वाटते. कोळी लम्पी थांबवत नाही. माशी एका गाईवरून दुसरीवर काही सेकंदांत जाते, तेवढ्यात कोळी तिला गाठू शकत नाही, आणि गोचिडाला तर तो हातही लावत नाही. तो वर्षभर थोड्या थोड्या माश्या-डास कमी ठेवतो. रोग आल्या दिवशी गाईला वाचवते ती अंगातली लस, आणि बाजूला बांधलेली आजारी गाय. गाठी दिसल्या की त्याच तासाला ती गाय वेगळी, शक्य तर मच्छरदाणीत. तिची खपली पडलेली जागा झाडून जाळा, वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभरही टिकतो. तिची धार शेवटी काढा. तिचं दूध उकळून प्यायला हरकत नाही, हा रोग माणसाला होत नाही.

तुमच्या त्या दोन गाई बऱ्या झाल्या असतील तर त्यांच्या अंगात आता स्वतःची ताकद आहे. त्यांना यंदा टोचायचं की नाही हे तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना तारखेसह सांगून ठरवा. वासरांकडे जास्त लक्ष द्या. लस दिलेल्या आईच्या चिकातून वासराला काही महिने संरक्षण मिळतं, म्हणून चार महिन्यांच्या आत सहसा टोचत नाहीत. नंतर ते संरक्षण ओसरतं आणि मोठ्यांच्या लसीकरणात ही वासरं वयानं सुटलेली असतात. गोठ्यातला सगळ्यात उघडा जीव तोच. म्हणून मे महिन्यात मोठ्या गाई टोचून झाल्या की वहीत प्रत्येक वासराची जन्मतारीख लिहा आणि चौथा महिना भरेल त्या आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.